एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि फॉरमॅटची भानगड: हे सगळं आलं कुठून?

डिस्कमध्ये ३०० जीबी मोकळे दिसतायत, तुम्ही ५ जीबीचा एक व्हिडिओ टाकायला जाता आणि मेसेज येतो की फाइल खूप मोठी आहे. पहिल्यांदा हे झालं की माणूस चक्रावतो, डिस्कच खराब निघाली म्हणतो. डिस्क बिचारी ठणठणीत असते, फक्त फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असते, म्हणजे फाइल्स मांडून ठेवायची तिची पद्धत (फाइल सिस्टिम) फॅट३२ असते.

फॅट मुळात फ्लॉपीच्या जमान्यातली. १९७७ मध्ये मार्क मॅकडोनाल्डने मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी ती लिहिली, कल्पना एकदम साधी, फाइलचा पुढचा तुकडा कुठे ठेवलाय याचा तक्ता डिस्कवरच ठेवायचा, बस. मग विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम डॉस आली, डिस्क मोठ्या होत गेल्या तसा तक्त्यातला आकडाही १२ बिट, १६ बिट असा वाढवत नेला आणि १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आलं. पण फाइलचा साइज लिहायचा रकाना ३२ बिटांचाच राहिला, म्हणून एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही (नेमकं सांगायचं तर त्याला एक बाइट कमी). तेव्हा अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असायची, कोणाला काय पडलंय.

आणि ती ३२ जीबीची लिमिट, म्हणजे विंडोज त्याहून मोठी डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट करूच देत नाही, ती तर फॅट३२ ची मर्यादाच नाही! विंडोजमधली फॉरमॅट करायची खिडकी लिहिणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डेव्ह प्लमरने नंतर स्वतःच सांगितलं की तो आकडा त्याने त्या दिवशी अंदाजाने ठरवला होता आणि खिडकीही तात्पुरतीच होती. तात्पुरती म्हणजे तीस वर्षं. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी आवृत्तीत ती २ टीबीपर्यंत नेली, तीही फक्त कमांड लाइनवर, म्हणजे कमांड टाइप करून.

दुसरीकडे १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आलं होतं. यात जर्नल असतं, म्हणजे काय बदल करणार ते आधी लिहून ठेवायचं, मग मध्येच लाइट गेली तरी फाइल सिस्टिमची घडी परत बसवता येते. तुमच्या अर्धवट कॉपीची गॅरंटी नाही हां. अडचण एवढीच की मॅक ते वाचतो पण त्यावर लिहीत नाही, आणि ॲपलचं स्वतःचं आधी एचएफएस प्लस आणि २०१७ पासून एपीएफएस, जे विंडोजला आपणहून कळत नाही.

मग सगळीकडे चालेल असं काय? २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट काढलं, ४ जीबीची कटकट गेली, पण लायसन्सची आली, म्हणजे इतरांना ते वापरायला मायक्रोसॉफ्टची परवानगी लागायची. २०१० मध्ये मॅकमध्ये सपोर्ट आला, लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) मात्र २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्पेसिफिकेशन (रचनेचा तपशील) खुलं केल्यावरच. जुन्या टीव्हीला तुमची एक्सफॅट डिस्क ओळखता येत नाही त्यामागे बऱ्याचदा ही लायसन्सची भानगडच असते.

एक्सफॅटमध्ये जर्नल नाही आणि तक्त्याचीही साधारण एकच प्रत असते, फॅट३२ मध्ये दोन असायच्या. त्यामुळे कॉपी चालू असताना केबल ओढली की पुढच्या वेळी विंडोज विचारतं, डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करायची का? इथे घाईत हो म्हणणारे खूप बघितलेत. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, विंडोजला फक्त त्याचा नकाशा वाचता येत नाहीये. आधी केबल बदला, हब काढून थेट पोर्टला लावा, कारण यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच देतो आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना तेवढ्यावर अडखळू शकते. टकटक आवाज येत असेल तर मात्र चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवायचं नाही, ते बराच वेळ डिस्क वाचत बसू शकतं आणि मरायला टेकलेलं हेड (डिस्क वाचणारा भाग) तेवढ्यात जाऊ शकतं, तिथे आधी जेवढं निघेल तेवढं दुसरीकडे काढून घ्यायचं.