हंटिंग्टन रोगाविषयीची जनजागृती

हंटिंग्टन या आनुवंशिक रोगात मेंदूतील चेतापेशींचा क्रमाक्रमाने ऱ्हास होतो. त्याची माहिती समाजापर्यंत पोचवण्याची व रुग्णकुटुंबांना लागलेला कलंक दूर करण्याची ही चळवळ. संघटित रूपात ती १९६७ नंतर अमेरिकेत उभी राहिली. अनैच्छिक हालचाली, स्वभावातील बदल व बुद्धिभ्रंश ही रोगाची लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे मुलेबाळे झाल्यावर दिसू लागतात. आई किंवा वडील यांपैकी एकाला रोग असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते.

प्रथम वर्णनाचा मान कोणाचा, यावर मतभेद आहेत. डॉक्टर चार्ल्स वॉटर्स यांचे या रोगाविषयीचे पत्र (१८४१) आणि नॉर्वेतील सेटेसदाल खोऱ्यातील रुग्णांविषयीचे डॉक्टर योहान लुंड यांचे टिपण (१८६०) ही दोन्ही अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांच्या निबंधाच्या (१८७२) आधीची आहेत. तरीही आनुवंशिकतेचा नियम हंटिंग्टन यांनीच सर्वांत स्वच्छ मांडला. त्यासाठी लाँग आयलंडवर वैद्यकी करणाऱ्या त्यांच्या वडिलांच्या व आजोबांच्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या. त्यामुळे रोगाला त्यांचे नाव मिळाले हे रास्तच. ही घराणी अगदी नाइलाज झाल्याशिवाय रोगाचा विषय काढत नाहीत आणि काढलाच तर ‘तो विकार’ एवढेच म्हणतात, हेही त्यांनी नोंदवले आहे.

पुढच्या अभ्यासकांनी ही लाज वाढवलीच. चार्ल्स डेव्हनपोर्ट व एलिझाबेथ मन्सी यांनी १९१६ मध्ये ९६२ रुग्णांच्या वंशावळी प्रसिद्ध केल्या, त्या सुप्रजननवादी, म्हणजे ‘सदोष’ वंशांची पैदास रोखावी अशा भूमिकेतून. पी. आर. व्हेसी यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतील रोगाचे मूळ इंग्लंडमधील सफक परगण्याच्या ब्युअर्स गावाशी जोडले. १६३० च्या सुमारास तेथून निघालेल्या काही कुटुंबांच्या वंशात हा रोग उतरला आणि त्यांतील काही स्त्रियांवर चेटकिणी म्हणून खटले झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही कथा वैद्यकीय ग्रंथांतून दीर्घकाळ उद्धृत होत राहिली. १९७० च्या दशकात मूळ कागदपत्रे तपासली गेली तेव्हा तिच्यातील वंशावळींचे दुवे टिकले नाहीत. आज ती अग्राह्य मानणेच इष्ट. जर्मनीच्या १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्यात तर हा रोग नावानिशी समाविष्ट होता.

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री यांचे या रोगाने १९६७ मध्ये निधन झाले. निदान होण्यापूर्वी त्यांच्यावर मद्यपी व मनोरुग्ण असे शिक्के बसले होते. पूर्वपत्नी मार्जोरी यांनी त्याच वर्षी रुग्णकुटुंबांची समिती स्थापन केली. अमेरिकन काँग्रेसने या रोगासंबंधी नेमलेल्या आयोगाच्या त्या अध्यक्ष होत्या. आयोगाचा अहवाल १९७७ मध्ये आला.

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांत रुग्णांचे प्रमाण असाधारण आहे. अमेरिको नेग्रेते या डॉक्टरांनी १९५५ मध्ये तेथील रोगाची ओळख पटवली. त्यापूर्वी झोकांड्या खात चालणाऱ्या या माणसांना दारुडे समजले जाई. एका युरोपीय खलाशाने रोग तेथे आणला, ही आख्यायिका प्रमाणित नाही. युरोपीय मूळ मात्र संभवनीय मानतात. अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या गटाने १९७९ पासून गोळा केलेल्या तेथील रक्तनमुन्यांमुळे १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील जनुकीय खूण व १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडले. या जनुकात सीएजी हा डीएनएतील तीन अक्षरांचा क्रम लागोपाठ ४० किंवा अधिक वेळा आलेला असल्यास सामान्य आयुर्मानात रोग होतोच. ३६ ते ३९ वेळा आलेला असणाऱ्यांपैकी काहींना तो होत नाही.

लक्षणांआधीच रोगाचे जनुक ओळखणारी चाचणी उपलब्ध झाल्यावर जागृतीचा रोख बदलला. धोका असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक आजही ती करून घेत नाहीत, कारण रोग थोपवणारा उपचार नाही आणि निकाल नोकरी-विम्याच्या आड येईल अशी धास्ती असते. अमेरिकेच्या २००८ च्या जनुकीय भेदभावविरोधी कायद्याने नोकरी व आरोग्यविम्यापुरते संरक्षण दिले. आयुर्विमा त्याबाहेर राहिला. १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये रुग्णकुटुंबांची भेट घेतली. दक्षिण अमेरिकेतून आलेली कुटुंबेही त्यांत होती. ‘यापुढे लपवणे नाही’ हे त्या भेटीचे घोषवाक्य होते. वेक्सलर यांची आई या रोगाने गेली होती. आपल्यालाही तो असल्याचे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले.

भारतातही रुग्ण आढळतात. बंगळूरूच्या निम्हान्स (मानसिक आरोग्य व चेताविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) यासारख्या संस्थांत जनुकीय चाचणीची सोय आहे.