गोझो हिरवं का दिसतं?

भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा हा छोटा देश आहे. त्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं बेट म्हणजे गोझो. क्षेत्रफळ अवघं 67 चौरस किलोमीटर. पाऊस वर्षाला साधारण 550 मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्याइतका, आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. बारमाही नदी एकही नाही. तरीही शेजारच्या मोठ्या माल्टा बेटापेक्षा गोझो हिरवं आहे. त्याचं श्रेय बऱ्याच अंशी चिकणमातीच्या एका थराला जातं.

सिसिलीतला एटना फार लांब नाही, पण गोझोवर ज्वालामुखीचा खडक सापडत नाही. सगळं बेट समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचं. सगळ्यात खाली कठीण चुनखडक आहे, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात तयार झालेला. त्यावर मऊ, मधाच्या रंगाचा चुनखडक. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं साचून तो बनला. स्थानिक लोक त्याला 'फ्रांका' म्हणतात. तो सहज कापला जातो, म्हणून इथली घरं त्याचीच, आणि उत्तर किनाऱ्यावरची मिठागरंही त्यातच कोरलेली. त्याच्यावर येते ती निळसर करडी चिकणमाती, मग हिरवट वाळूखडकाचा पातळ थर आणि माथ्यावर पुन्हा कठीण चुनखडक.

खरी गंमत या चिकणमातीत आहे. माथ्यावरच्या चुनखडकाला भेगा आणि पोकळ्या भरपूर, त्यामुळे पाऊस त्यातून खाली झिरपतो. चिकणमातीशी पोचला की अडतो, कारण तिचे कण इतके बारीक आणि घट्ट बसलेले असतात की पाण्याला वाटच मिळत नाही. परातीत साठावं तसं पाणी तिच्यावर साठतं आणि उतारावर जिथे हा थर उघडा पडतो तिथे झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. मुख्य बेटाच्या बऱ्याच भागात वरचे थर झिजून गेलेत. गोझोवर ते टिकले. शेतीला त्याचा फायदा झाला.

हीच माती डोंगरांना आकारही देते. ओली झाली की ती फुगते, घसरते. वरच्या खडकाचा आधार जातो आणि घराएवढे धोंडे उतारावर कोसळतात. म्हणून इथले डोंगर सपाट माथ्याचे, कडेला तुटलेले. गोझोचं मुख्य शहर व्हिक्टोरिया. तिथला किल्ला अशाच माथ्यावर उभा आहे. त्याच्या बुरुजांखालचा खडक सावरण्याची कामं करावी लागली, यात नवल नाही.

पर्यटकांना मात्र पश्चिम किनाऱ्यावरचं द्वेइरा ठाऊक असतं. तिथली 'अझूर विंडो' ही प्रचंड नैसर्गिक कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. हळहळ साहजिक होती, पण ती पडणार हे उघडच होतं. लाटा पायथा पोखरतच होत्या. मला तर शेजारचा 'आतला समुद्र' जास्त विलक्षण वाटतो. जमिनीखालच्या पोकळ्या ढासळून लाखो वर्षांपूर्वी इथे गोलाकार खड्डे पडले. त्यातल्या एकात आज समुद्राचं पाणी आहे, आणि ते कड्याच्या पोटातल्या नैसर्गिक बोगद्यातून येतं. छोट्या होड्याही त्याच वाटेनं बाहेर पडतात.

माल्टा देशात आता नळाला येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त समुद्राचं, क्षार काढून गोड केलेलं असतं.