कॅन्सर वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सना 'सवय होते' म्हणे!

'रोज मरण बघून त्यांचं मन दगड होतं, त्यांना काही वाटत नाही' हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण. आणि कोणी खचलंच तर म्हणायचं, मनाने कच्चा होता. दोन्ही चूक आहे.

सिस्टर नीट बोलत नाहीत, डॉक्टर रिपोर्टवरून मान वर करत नाहीत, हा तुटकपणा बर्नआउटचंच, म्हणजे कामाच्या ताणाने पार खचून जाण्याचंच लक्षण असू शकतो. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजार आणि आरोग्याशी जोडलेल्या इतर गोष्टींच्या जागतिक यादीत, बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्यात, पार गळून जाणं, कामापासून मनाने तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आणि हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याने होतो असं स्पष्ट लिहिलंय.

अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांचा २०१४ मध्ये छापून आलेला सर्व्हे बघा, जवळपास ४५ टक्के बर्नआउटमध्ये, आणि कामातली बर्नआउटशी सगळ्यात जास्त जोडलेली गोष्ट निघाली पेशंट बघण्यात जाणारे तास! म्हणजे मुद्दा मनाच्या ताकदीचा नाहीच, म्हणून नुसतं योगा-मेडिटेशनचं सेशन ठेवून भागत नाही हो, माणसं वाढवा, ड्युटी कमी करा, पेशंट गेल्यावर त्या नर्सला लगेच पुढच्या बेडवर पळवू नका, दहा मिनिटं तरी बसू द्या तिला.