राणीमाशी संगोपन व व्यवस्थापन

मधमाश्यांच्या वसाहतीसाठी राणीमाशी तयार करणे, ती वसाहतीत रुजवणे, तिच्या अंडी घालण्यावर लक्ष ठेवणे व वेळ आली की तिला बदलणे, या सर्व कामांना मिळून राणीमाशी व्यवस्थापन म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीविषयी (एपिस मेलिफेरा) आहे.

इतिहास : वसाहतीतील मोठी माशी ‘राजा’ आहे, अशी समजूत ॲरिस्टॉटल यांच्या काळापासून दीर्घकाळ टिकली. ती मादी असून अंडी घालते, असे स्पेनमधील लुईस मेंडेझ दे टॉरेस यांनी १५८६ मध्ये लिहिले. सतराव्या शतकात यान स्वामरडाम यांनी विच्छेदन करून तिच्या अंडाशयांची आकृतीच काढली, तेव्हा हा वाद मिटला. राणीचे मीलन पेटीबाहेर होते, हे आंतोन यान्शा व नंतर फ्रांस्वा ह्यूबर (१७९२) यांनी दाखवले. ह्यूबर दृष्टिहीन होते. त्यांची निरीक्षणे त्यांचे सहायक फ्रांस्वा बर्नेन्स यांच्या डोळ्यांनी झाली आहेत, याचा उल्लेख अनेकदा राहून जातो. व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शोध मात्र आडाम शिराख यांचा मानावा लागतो. राणी नसलेल्या वसाहतीत कामकरी माशीच्या कोठीतील साध्या अळीपासून नवी राणी घडते, हे त्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवले. समकालीनांनी ते सहजासहजी मान्य केले नाही. फलन न झालेल्या अंड्यांतून नर निपजतात, हे योहान झिएर्झोन यांचे प्रतिपादन (१८४५) आणि लँगस्ट्रॉथ यांची सुट्या चौकटींची पेटी (एकस्व म्हणजे पेटंट १८५२) यांमुळे संगोपनाचा पुढचा मार्ग खुला झाला.

अळीची राणी कशी होते : राणी व कामकरी यांच्या अंड्यांत भेद नसतो; फरक पडतो तो अळीच्या आहाराने. येथवर मतभेद नाही. आहारातील नेमके काय कारणीभूत ठरते, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. ‘सर्व अळ्यांना पहिले तीन दिवस रॉयल जेली (तरुण कामकरी माश्यांनी स्रवलेले दुधाळ खाद्य) मिळते व नंतर फक्त राणीच्या अळीला ती चालू राहते’ हे पाठ्यपुस्तकी विधान ढोबळ आहे. कामकरी अळीचे खाद्य पहिल्या दिवसापासूनच रचनेने वेगळे असते. विशेषतः त्यात साखर बरीच कमी असते.

एम. कामाकुरा यांनी २०११ मध्ये ‘रॉयलॅक्टिन’ या एकाच प्रथिनामुळे राणी घडते, असा निष्कर्ष मांडला. त्याचा मोठा बोलबाला झाला. परंतु २०१६ मध्ये ए. बुटश्टेट व सहकाऱ्यांना त्या प्रथिनाचा असा परिणाम आढळला नाही. पुढे याच गटाने रॉयल जेलीतील प्रथिनांचे एक निराळेच काम दाखवले : त्यांच्यामुळे जेली इतकी घट्ट व चिकट होते की, खाली तोंड असलेल्या राणीघरातून (राणीची अळी वाढते त्या मोठ्या कोठीतून) जड होत जाणारी अळी गळून पडत नाही. आर. कुखार्स्की व इतर (२००८) यांनी डीएनएचे मिथिलीकरण (त्यावर मिथिल गट जोडणे) घडवणारे एक विकर (एन्झाइम) अळ्यांमध्ये दडपले, तेव्हा बऱ्याच अळ्या राणीसारख्या झाल्या. वेनफू माओ, शूलर व बेरेनबॉम (२०१५) यांनी प्रश्न उलटा मांडला : परागात असलेले पी-कुमॅरिक आम्ल कामकरी अळीच्या अंडाशयांची वाढ रोखते आणि राणीच्या अळीला ते मिळत नाही. गॅरेट स्लेटर व सहकाऱ्यांच्या २०२० मधील प्रयोगांत खाद्याच्या गुणवत्तेपेक्षा त्याचे प्रमाण निर्णायक ठरले. एकाच जादूई घटकाचा शोध घेण्यापेक्षा प्रमाण, शर्करा व वेळ यांचा एकत्र परिणाम मानणारे मत आज अधिक पटण्यासारखे वाटते. या वादाने मधपाळाच्या हातातील कामात काहीही बदल झालेला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. अळी कोवळी असावी, भोवती दाई माश्यांची (अळ्यांना भरवणाऱ्या तरुण कामकरी माश्यांची) दाटी असावी आणि पेटीत पराग मुबलक असावा, या तीन अटी शिराख यांच्या काळी होत्या तशाच आजही आहेत. उशिरा, म्हणजे तीन दिवसांच्या आसपास उचललेल्या अळीचीही राणीसारखी माशी होते. पण तिच्या अंडाशयातील अंडनलिका कमी असतात. चांगल्या राणीच्या प्रत्येक अंडाशयात त्या साधारणपणे दीडशेहून अधिक असतात.

कलम पद्धत : अळी उचलून कृत्रिम मेणवाटीत ठेवण्याच्या पद्धतीला कलम करणे म्हणतात. असे प्रयोग आधीही झाले होते. त्यांना धंद्याचे रूप दिले जी. एम. डूलिटल यांनी (१८८९). वाट्या तयार करण्यासाठी ते दाताळ्याचा लाकडी दात पातळ मेणात बुडवत. निवडलेल्या अळीचे वय चोवीस तासांपेक्षा कमी असावे. या वयाची अळी दुधाळ थेंबावर स्वल्पविरामासारखी वळून तरंगत असते. कलमसुई तिच्या पाठीच्या बाजूने हळूच खाली सरकवावी व थेंबासकट तिला उचलावे. वाटीत ठेवताना ती उलटली, तर वरच्या बाजूची श्वासरंध्रे बुडून ती मरते. अशी अळी काढून दुसरी घालावी. काम सावलीत व ओलसर हवेत करावे, कारण अळी काही मिनिटांतच सुकते.

कलम केलेल्या वाट्या राणी काढून घेतलेल्या व तरुण माश्यांनी गच्च भरलेल्या वसाहतीत देतात. कलमापासून पाचव्या दिवसाच्या सुमारास राणीघरे बंद होतात. त्यानंतरचे काही दिवस ती हलवू, आपटू किंवा आडवी करू नयेत. आतील कोशाचे पंख अधू होण्याचा धोका असतो. अंड्यापासून सोळाव्या दिवशी, म्हणजे कलमापासून अकराव्या-बाराव्या दिवशी राणी बाहेर पडते. म्हणून कलमापासून दहाव्या दिवशी प्रत्येक राणीघर वेगळ्या छोट्या मीलनपेटीत हलवलेच पाहिजे. तारीख चुकली, तर पहिली निघालेली राणी बाकीची सर्व राणीघरे फोडून आतल्या राण्या मारते.

मीलन : जन्मानंतर साधारण आठवडाभरात राणी उड्डाणाला निघते. ती एकाच नराशी संग करते, हा समज डब्ल्यू. सी. रॉबर्ट्स यांच्या १९४४ मधील निरीक्षणांनी मोडला. आज सरासरी बारा किंवा त्याहून अधिक नर धरले जातात. सुमारे पन्नास लाख शुक्राणू ती आयुष्यभरासाठी साठवते. साठा संपत आला की कामकरी कोठ्यांत नर निपजू लागतात. अशी राणी तातडीने बदलावी. जवळच्या नात्यातील नर मिळाल्यास लिंगनिश्चितीच्या जनुकाचे दोन्ही युग्मविकल्पी (आई व बाप यांच्याकडून आलेली रूपे) सारखे पडतात. त्यातून होणारे द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेले) नर अळी अवस्थेतच कामकरी माश्या खाऊन टाकतात (वोइके, १९६३) आणि बंद पिल्लाच्या (झाकलेल्या कोठ्यांत वाढणाऱ्या अळ्या व कोशांच्या) चौकटीत चाळणीसारखी रिकामी घरे दिसतात. ही खूण रोगाची समजून अनेकदा औषधोपचार केला जातो; खरा उपाय वेगळ्या वंशाची राणी देणे हा असतो.

राणी देणे : नवी राणी पिंजऱ्यातून देतात. त्याचे तोंड पिठीसाखर व मधाच्या घट्ट गोळ्याने बंद केलेले असते. तो खाऊन वाट मोकळी होईपर्यंत गंधाची ओळख होते. जुनी राणी किंवा राणीघर मागे राहिल्यास प्रयत्न बहुधा फसतो. पिंजऱ्याच्या जाळीवरील माश्या बोटाने सहज बाजूला सरकत असतील, तर स्वीकार होत आहे. त्या जाळीला घट्ट चिकटून चावत असतील, तर राणी अजून सोडू नये. सोडल्यानंतर आठवडाभर पेटी उघडू नये. अंडी घालणारी राणी कुमारी राणीपेक्षा सहज स्वीकारली जाते. राणीच्या पाठीवर वर्षाचा रंग लावण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे : वर्षाचा शेवटचा अंक १ किंवा ६ असल्यास पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा.

राणीविना वसाहत : अंडी दिसली नाहीत म्हणजे राणी नाही, असे लगेच मानू नये, कुमारी राणी मीलनाच्या प्रतीक्षेत असू शकते. शंका असल्यास दुसऱ्या वसाहतीतील अंडी व कोवळ्या अळ्यांची एक चौकट द्यावी. दोन-तीन दिवसांत त्यावर राणीघरे उठली, तर राणी नाही. आपत्कालीन राणीघरे चौकटीच्या मध्यभागी कामकरी कोठ्यांवर उठतात. थव्याच्या (वसाहतीतील काही माश्या जुन्या राणीसह बाहेर पडण्याच्या) तयारीची अनेक व बहुधा खालच्या कडेला असतात. राणी बदलण्यासाठीची मोजकीच असतात. या शेवटच्या प्रकारात आई व लेक काही काळ एकत्र अंडी घालताना आढळतात, म्हणजे ‘एका वसाहतीत एकच राणी’ हा नियमही निरपवाद नाही.

राणी गेल्यापासून नव्या राणीची अंडी दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. तेवढ्यात नवी राणी झाली नाही व उघडे पिल्लू संपले, तर काही कामकरी माश्या अंडी घालू लागतात. एका कोठीत अनेक अंडी, तीही तळाऐवजी भिंतीला चिकटलेली, ही त्याची खूण. अशा वसाहतीत थेट दिलेली राणी सहसा मारली जाते. आठवड्याला एक याप्रमाणे तीनेक वेळा उघड्या पिल्लाची चौकट देऊन माश्या राणीघर बांधू लागल्या की मगच राणी द्यावी, किंवा वसाहत दुसऱ्या सशक्त वसाहतीत मिसळून टाकावी. कामकरी माश्यांच्या अंड्यांचे फलन झालेले नसल्याने त्यांतून एरवी नरच निपजतात; मादी निपजण्याचा दाखला दक्षिण आफ्रिकेतील केप मधमाशीचा. जॉर्ज ओनियन्स यांनी तो १९१२ मध्ये दिला, परंतु त्यावर विश्वास बसण्यास बराच काळ गेला.

इतर जाती : सातेरी माशीलाही (एपिस सेराना) कलम पद्धत लागू पडते, मात्र वसाहती लहान असल्याने एका वेळी थोड्याच वाट्या द्याव्या लागतात, आणि खाद्य कमी पडले किंवा सारखी पेटी उघडली की ही माशी घर सोडून जाते. आग्या (एपिस डॉर्साटा) व फुलोरी (एपिस फ्लोरिया) या जाती उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत टिकत नाहीत.