करीचे पकोडे आणि फेसाळ वाईन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्या उमरेड-भिवापूर पट्ट्यात ज्या घरी मटण किंवा गावरान कोंबडी शिजत नाही, ते घर सापडणं कठीण. गेल्या करीला पुण्याहून आलेल्या पुतण्याने नाशिकची स्पार्कलिंग वाईन आणली आणि बर्फाच्या बादलीत ठेवली. कढईतून चिकन पकोडे निघत होते. मोठ्या काकांनी स्टीलच्या ग्लासातून एक घोट घेतला. "का बे, हा तं निरा सोडा आहे!" म्हणाले, पकोडा तोंडात टाकला आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

गंमत म्हणजे, या वाईनमधले बुडबुडे आधी दोषच मानले जायचे. फ्रान्सच्या शँपेन भागात थंडीमुळे आंबणं अर्धवट थांबायचं, ऊन वाढलं की बाटलीत पुन्हा सुरू व्हायचं आणि बाटल्या फुटायच्या. ओव्हिलेच्या मठात 1668 ते 1715 पर्यंत कोठार सांभाळणाऱ्या दों पेरिन्यों यांनी ही वाईन शोधली म्हणतात, ती दंतकथा. त्यांची खटपट बुडबुडे टाळण्याची होती. उलट लंडनमध्ये 1662 साली ख्रिस्तोफर मेरेट या डॉक्टरांनी रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे सांगितलं, की तिथले व्यापारी वाईनमध्ये मुद्दाम साखर नि काकवी घालून ती फेसाळ करतात. कोळशाच्या भट्टीतली इंग्रजी काच जाड होती, तिने दाब सहन केला. आजही अशा बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, कारच्या टायरच्या दुप्पट-अडीचपट. बूच काढताना बाटली माणसांकडे धरू नये, ते यासाठी.

आपल्या राज्यात ही वाईन 1980च्या दशकात नारायणगावला बनू लागली. पुढे 2001चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिकचे कारखाने वाढले, 2013 साली दिंडोरीत फ्रेंच कंपनीही उतरली. विदर्भाला या कथेत जागा नव्हती. आपल्याकडे संत्रा, कापूस आणि प्यायला मोहाची. त्यात वर्धा जिल्हा 1975पासून दारूबंदीचा. बुटीबोरीच्या पुढे, वर्ध्याच्या हद्दीत, हीच बाटली गाडीत सापडली असती तर करीचा सण पोलीस ठाण्यात झाला असता.

तळलेली कोंबडीही मोठ्या घरची नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेत ती कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींच्या हातून घडली. व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्थानकावर बाया डोक्यावर टोपल्या घेऊन रेल्वेच्या खिडकीतून ती विकत. कोरियात तिच्या जोडीला बिअर आली आणि 2002च्या फुटबॉल विश्वचषकात ही जोडी घरोघरी पोचली. वाईन असो की बिअर, काम एकच: तळणाचा तेलकट थर आंबटपणाने आणि बुडबुड्यांनी उतरवणं. पकोड्याच्या गाड्यावर लिंबाची फोड आणि कांदा हेच करतात. त्यामुळे पकोडा नि फेसाळ वाईन काकांना पटली, यात मला नवल वाटलं नाही.

सावजी रश्श्याची गोष्ट वेगळी. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा हा रस्सा, जवसाच्या तेलाचा, वर लाल तर्री. मिरचीचा जाळ तिच्यातल्या कॅप्सायसिन या द्रव्याचा. पाण्यात ते विरघळत नाही. जिभेवरचा जो संवेदक (रिसेप्टर) ते ओळखतो, तो शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 साली शोधला, त्याबद्दल त्यांना 2021चं नोबेल मिळालं. अल्कोहोल याच संवेदकाला आणखी संवेदनशील करतो आणि बुडबुड्यातला कार्बन डायऑक्साइड ओलाव्यात आम्ल होऊन वेगळाच चावतो. म्हणून तर्रीवर कोरडी, म्हणजे कमी साखरेची, वाईन म्हणजे आगीत घासलेट. पर्याय साखरेचा. लेबलवर 'ब्रूट' असेल तर लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी, 'डेमी-सेक' असेल तर 32 ते 50 ग्रॅम. 'एक्स्ट्रा ड्राय' या नावाने मात्र फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते.

पुतण्याने आणलेली ब्रूट होती. रस्सा ताटात पडला, काकांनी भाकरी तर्रीत बुडवली, वर वाईनचा घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून ग्लास बाजूला सारला. मी बूच परत बसवायला गेलो, तर ते फुगून भूछत्रासारखं झालेलं, तोंडातच जाईना. शेवटी पुतण्या कढईपाशी गेला, आणखी एक घाणा काढायला सांगितला आणि रस्सा झाकून ठेवला.