गोदामातल्या साखरेचं व्याज

एक टन ऊस गाळला की साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर निघते. ती निघते झटपट, पैसा होतो सावकाश. महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं; मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं. साखर मात्र वर्षभर विकत राहावी लागते. त्यात २०१८ पासून दर महिन्याला कोणी किती साखर विकायची, हा कोटा केंद्र सरकार ठरवतं. उसाचे पैसे मात्र १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून १४ दिवसांत द्यायचे. उशीर झाला की वर्षाला १५ टक्के व्याज.

मधला काळ ज्या पैशावर काढायचा, ते खेळतं भांडवल. ते किती काळ अडकतं, याचा हिशेब दिवसांत करतात: माल पडून राहण्याचे दिवस, अधिक उधारी वसूल होण्याचे दिवस, वजा पुरवठादाराला आपण थांबवतो ते दिवस. साखरेत उधारी फारशी नसतेच. टेंडर घेणारा व्यापारी सहसा पैसे भरतो आणि मगच पोती उचलतो. म्हणजे जानेवारीत भरलेलं पोतं सप्टेंबरात विकलं, तर २४० वजा १४, असे २२६ दिवस पैसा अडकला.

एवढे दिवस कारखाना साखर बँकेकडे तारण ठेवून मालतारण कर्जावर काढतो. क्विंटलला ३,१०० रुपये (२०१९ मध्ये ठरलेली किमान विक्री किंमत) आणि व्याज १० टक्के धरू. महिन्याला क्विंटलमागे सुमारे २६ रुपये झाले, आठ महिन्यांत २०७. भाव दोनशेने चढेल म्हणून साखर दाबून बसलेल्या संचालक मंडळाला भाव खरोखर चढूनही सात रुपयांचा खड्डा. बाजार बरोबर ओळखला, तरी तोटा! शिवाय बँक पूर्ण किमतीवर कर्ज देत नाही, दुरावा राखते. तेवढी रक्कम कारखान्याने स्वतः उभी करायची.

ती नाही जमली की ऊसबिल थकतं. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली होती. थोडक्यात, कारखान्याचं भांडवल शेतकऱ्याच्या खिशातून. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला.

देणी लांबवली की नफा वाढतो, असं कागदावर वाटतं खरं. संशोधक मार्क डेलूफ यांनी बेल्जियममधल्या १,००९ कंपन्यांची १९९२ ते १९९६ ची आकडेवारी तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. माल आणि उधारी जास्त दिवस अडकलेल्या कंपन्यांचा नफा कमी होता, हे अपेक्षितच. पण देणी उशिरा देणाऱ्यांचाही नफा कमीच निघाला. त्यांचा अंदाज असा, की नफाच कमी म्हणून या कंपन्या देणी लांबवतात. आपल्याकडच्या थकीत ऊसबिलांकडेही मी याच नजरेने पाहतो: ताप आधीचा असतो, थर्मामीटर तो फक्त दाखवतो.

इथेनॉलचं आकर्षण कारखान्यांना वाटतं ते निव्वळ दरामुळे नाही. तेल कंपन्यांकडून पैसे साधारण तीन आठवड्यांत येतात, त्यामुळे दोनशे दिवसांचं चक्र थेट आटोक्यात येतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं घातली, तेव्हा त्यासाठी राखलेला बराचसा ऊस पुन्हा साखरेकडे, म्हणजे गोदामाकडे वळला. ऑगस्ट २०२४ मध्ये ती बंधनं उठली, पण तोवर तो हंगाम संपला होता.