उत्कृष्ट काळजीवाहक पुरस्कार : नाव सुचवण्याआधी एवढं वाचा

दरवर्षी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, पेशंटसाठी घरी काळजीवाहक पुरवणारा आमचा ब्युरो दोन पुरस्कार देतो. एक आमच्याकडून ड्यूटीवर येणाऱ्या मावशी, ताई, काका किंवा ब्रदर यांच्यापैकी एकाला. दुसरा घरच्या माणसाला : सून, मुलगा, नवरा, बहीण, जे कोणी पेशंटचं सगळं करत असेल त्याला. ऑगस्ट लागला की त्याबद्दल फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो अर्जातल्या ‘काय केलं?’ या रकान्यापायी. तिथे बहुतेक जण लिहितात, ‘मावशी फार प्रेमळ आहेत, अगदी घरच्यासारखं करतात.’ ते खरंच असतं. पण गठ्ठाभर अर्जांत हेच वाक्य असेल तर निवड कशावर करायची? मग आमच्या समन्वयक ताई घरोघरी फोन लावत बसतात. तुम्ही कामात असता, बोलणं अर्धवट राहतं, आणि ज्या घरचा फोन लागत नाही तिथल्या मावशी मागे पडतात. त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

तेव्हा कृपा करून एक प्रसंग लिहा. चार ओळी पुरतात. मागे एका मुलीने लिहिलं होतं : ‘रात्री डायपर बदलताना मावशींना बाबांच्या टाचेवर लालसर डाग दिसला. दाबून पाहिला तरी लाली हटेना. आम्ही उठलो तेव्हा पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवलेल्या होत्या, आणि वहीत वेळेसकट नोंद होती.’ या अर्जासाठी आम्हाला फोन करावा लागला नाही. दाबूनही न हटणारी लाली ही शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. ती त्या रात्रीच ओळखणं म्हणजे पुढचे कित्येक आठवडे ड्रेसिंगचं दुखणं टाळणं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांना, हल्ल्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून, म्हणजे १९७३ पासून २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत सांभाळलं. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेचा गौरव केला. त्या सेवेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण आम्हा या कामातल्या लोकांना एकच गोष्ट पुरेशी वाटते : इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रणं नव्हती. काळजी म्हणजे काय, ते तिथे कळतं.

‘दिवाळीला बोनस देतो की, पुरस्कार कशाला?’ असंही विचारतात. बोनस जरूर द्या. नोंदणीकृत परिचारिकांसाठी १९७३ पासून राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे. घरी येणाऱ्या अटेंडंट मावशी त्यात बसत नाहीत, कारण त्यांची परिचारिका म्हणून नोंदणीच नसते. आम्ही त्यांना रोख रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यात देतो आणि मानपत्रावर तुम्ही लिहिलेला प्रसंग जसाच्या तसा छापतो. पुढच्या घरी तेच मानपत्र त्यांची शिफारस ठरतं. आणि हो, पुरस्कार मिळाला म्हणून तुमचा दर वाढत नाही. दर ब्युरोच ठरवतो.

घरच्या माणसासाठी अर्ज करताना ‘सर्व कुटुंबीय’ असं लिहू नका. रात्री हाक मारली की कोण उठतं, तेवढं एकच नाव द्या. ती व्यक्ती ‘हे तर माझं कर्तव्यच’ म्हणून स्वतः अर्ज करणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तो दिराने, जावेने, परदेशातल्या भावाने, शेजाऱ्यांनी भरावा. पेशंट आता नसेल तरी अर्ज चालतो. केलेली सेवा त्यामुळे पुसली जात नाही.

या पुरस्कारात रोख रक्कम का नाही, यावर आमच्याशी पुष्कळ जण वाद घालतात. आम्ही सात दिवस बारा तासांची ड्यूटी मोफत देतो, कारण अशा माणसाला पैशापेक्षा सलग झोप हवी असते. कोणी त्या आठवड्यात स्वतःची राहिलेली तपासणी उरकतं, कोणी माहेरी जाऊन येतं. नंतर काही घरं आठवड्यातून एक दिवस बदली मावशी ठेवतात. अशी एका दिवसाची ड्यूटीही आम्ही घेतो, तिचा दर मागच्या पानावर आहे. पुरस्काराची वाट न पाहताही ती मागता येईल.

फोटो काळजीवाहकाला विचारूनच पाठवा. अंथरुणावरच्या पेशंटचा फोटो आम्ही कधीही छापत नाही, तो पाठवू नका.

अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत ऑफिसात द्या किंवा ड्यूटीच्या वहीत ठेवा, सुपरवायझर फेरीला येतील तेव्हा नेतील. लिहायला जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, आम्ही उतरवून घेऊ. फक्त प्रसंग सांगा.